गेलेल्या झाडांची हजेरी

आमच्या बागप्रेमी मंडळाची सभा रडगाण्याने सुरू होते. हे मी थट्टेने म्हणत नाही, तसा नियमच आहे. महिन्यातल्या एका रविवारी, कधी बदलापुरात, कधी अंबरनाथला, क्वचित उल्हासनगरला, कुणाच्या तरी सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडतो. मग व्याख्यान असो, कार्यशाळा असो की नुसता चहा-फराळ, आधी प्रत्येकाने उठून सांगायचं की या महिन्यात आपल्याकडचं कोणतं झाड गेलं आणि आपण त्याला काय केलं होतं. ऊन फार होतं, नर्सरीवाल्याने फसवलं, पाणीकपात होती, असली कारणं चालत नाहीत. आपल्या हातून काय झालं तेवढंच बोलायचं. ऐकणाऱ्यांनी 'अरेरे' म्हणायचं नाही आणि सल्ला तर अजिबात द्यायचा नाही. याला आम्ही हजेरी म्हणतो.

पहिल्यांदा गेले तेव्हा मला हे सगळे लोक बिनकामाचे वाटले होते. मुंबईतल्या नोकरीतून मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती, आम्ही बदलापूरला नवा फ्लॅट घेतला होता, आणि बिल्डिंगमध्ये वॉचमन सोडला तर मला कुणी ओळखत नव्हतं. गॅलरीतली तुळस पुन्हा पुन्हा मरत होती, म्हणून मी जाहिरातीचा कागद वाचून तिथे पोचले. एक गृहस्थ उठून गंभीरपणे म्हणाले, "पुदिना. मुळं आली का ते मी रोज उपटून बघत होतो." कुणीच हसलं नाही. मी मात्र फस्सकन हसले.

समोरच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुझं काय गेलं गं?"

"तुळस."

"काय केलंस तिला?"

"काही नाही. सकाळ-संध्याकाळ नीट पाणी घालत होते."

"म्हणजे बुडवलीस," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

मला असा राग आला की घरी गेल्यावर मी नवऱ्याशीसुद्धा बोलले नाही. पुढच्या महिन्यात मात्र मी सभेला वेळेच्या आधी जाऊन बसले.

त्या म्हणजे काकू. मंडळ त्यांनीच सुरू केलं आणि हजेरीचा नियमही त्यांचाच. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये त्यांचा संसार झाला. यजमान निवृत्त झाल्यावर तिथून जवळच पहिल्या मजल्यावर छोटा फ्लॅट घेतला. यजमान गेले, मुलं पुण्याला गेली, काकू तिथेच राहिल्या. स्वभावाने हुकूमशहा. गुलाब त्यांना कधी म्हणजे कधीच जमला नाही आणि त्याबद्दल कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. पण त्यांच्या गॅलरीत एक कवठी चाफा होता. त्याच्या फुलांना पिकलेल्या कवठासारखा वास येतो. एखादं फूल उमलायचं आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या गाळून मोकळं व्हायचं, पण त्या संध्याकाळी काकूंचा फ्लॅट शोधायला पत्ता लागत नसे, जिन्यातच कळायचं. यजमानांनी तो सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला होता. काकू त्याच्याशी बोलत वगैरे नसत, असल्या नाटकांचा त्यांना कंटाळा होता. पण रोज सकाळी पहिला चहा त्या त्याच्यासमोर बसून पीत.

मंडळात सगळ्यांकडे सगळ्यांची रोपं आहेत. कुणाचा गवती चहा, कुणाचं ब्रह्मकमळ, सगळं वाटून झालंय. फक्त हा चाफा कुणाला मिळाला नाही, कारण त्याचं दुसरं रोपच होत नव्हतं. एका वर्षी आम्ही खास त्याच्यासाठी गुटी बांधण्याची कार्यशाळा घेतली. फांदीची साल सोलायची, ओलं शेवाळ गुंडाळायचं, वर प्लास्टिक बांधायचं, की तिथे मुळं फुटतात. मुळं फुटली नाहीत. पुढच्या हजेरीत काकू उठून म्हणाल्या, "चाफ्याच्या तीन फांद्या. मी या लोकांना हात लावू दिला." त्यानंतर त्या चाफ्याला कुणी हात लावला नाही.

दिवाळीनंतर काकूंना जिना चढताना दम लागायला लागला. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी बायपास सांगितली. साखर आटोक्यात आली की ऑपरेशन, तोवर पुण्याला मुलाकडे राहायचं ठरलं. बाकीच्या कुंड्या मंडळींनी वाटून घेतल्या. चाफा त्यांनी मला दिला.

मी चकित झाले. मंडळात माझ्याहून जाणते कितीतरी होते. अंबरनाथच्या केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले सर होते, ते मातीवर व्याख्यानं देत. वांगणीजवळचे दादा होते, त्यांचा भेंडीचा आणि मोगऱ्याचा मळा होता. उल्हासनगरच्या सिंधी दीदी होत्या, त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान, आणि गच्चीवर असं जंगल की आत माणूस हरवावा.

"मला का?" मी विचारलं.

"बाकीच्यांचे हात फार चालतात. तू आळशी आहेस," काकू म्हणाल्या. "माती कोरडी लागली तर पाणी घाल. त्याशिवाय काही म्हणजे काही देऊ नकोस."

निघताना गाडीच्या काचेतून त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता. "मी येईपर्यंत सांभाळ," एवढंच म्हणाल्या. त्या कधी असं बोलत नसत.

चाफा माझ्या गॅलरीत आला आणि काही दिवसांतच पानं गाळायला लागला. आधी खालची पिवळी झाली, मग मधली. मी रोज पानं वेचायची आणि केराच्या डब्यात खाली दडपून टाकायची, जणू कुणी मोजणार होतं. तशी मी मांजर आडवं गेलं तर मांजरालाच आधी वाट देणारी बाई. शकुन-अपशकुन मानत नाही. पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात एक गोष्ट घट्ट रुतून बसली, की हा चाफा गेला तर काकू परत येणार नाहीत. हे मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने मला वेड्यात काढलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं.

सभेत सल्ला द्यायला बंदी आहे, फोनवर नाही. आधी सरांचा फोन आला. "पानं पिवळी म्हणजे टेक्निकली लोहाची कमतरता. थोडा हिराकस द्या." मग दीदींचा, मोहरीच्या पेंडीचं पाणी सुचवायला. "अगं, उसको खली का पानी दे ना, सरसों की खली. एकदम हरा हो जाएगा." मग दादांचा. "ताई, झार उपाशी हाय तुमचा. शेनाचा पानी टाका थोरा." तिघांनाही मी एकच उत्तर दिलं, की काकूंनी पाण्याशिवाय काही द्यायचं नाही असं सांगितलंय. तिघेही "बरं बरं" म्हणाले. इतक्या लगेच ऐकतात म्हटल्यावर मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मंडळाचं हळदीकुंकू माझ्या घरी होतं. आमच्या हळदीकुंकवाला पुरुषही येतात, नवरा नसलेल्या बायकाही येतात आणि सगळ्यांना कुंकू लागतं. काकूंनी पहिल्याच वर्षी तसं ठणकावून ठरवलं होतं. वाण म्हणून बियांच्या पुड्या लुटतो. कुणी कारल्याच्या, कुणी गोकर्णाच्या, कुणी स्वतःला नाव माहीत नसलेल्या कुठल्यातरी वेलाच्या. पण त्या दिवशी हसण्यात दम नव्हता. काकूंचं ऑपरेशन दोनच दिवसांवर आलं होतं आणि जो तो तेच मनात घेऊन बसला होता. दीदींनी घरून दाल-पकवान आणलं होतं, तेही नेहमीसारखं झटक्यात संपलं नाही.

त्या दुपारी लोक एकेक करून गॅलरीत जात होते. "जरा हवा खाऊन येतो," सर म्हणाले. "डोंगर बघते," दीदी म्हणाल्या. दादांनी काही कारणही सांगितलं नाही. मी स्वयंपाकघरात पातेल्यात चहा उकळत होते. मला वाटलं, चाफा बघायला जातायत, काकूंची आठवण येत असेल. माझेही डोळे भरून आले.

ऑपरेशन झालं. ते नीट झालं असा निरोप आला आणि दुसऱ्याच दिवशी छातीत पाणी झाल्याचा. काकूंना अतिदक्षता विभागातच ठेवलं. त्याच आठवड्यात चाफ्याच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या. मग शेंडे काळे पडले आणि काळेपण फांदीतून खाली उतरायला लागलं. मी सकाळी आधी काकूंच्या सुनेचा मेसेज बघायची, मग गॅलरीत जायची. दोन्हीकडून रोज थोडं वाईटच कळायचं. जेवण जाईना. भाजीत मीठ पडलंय की नाही हे नवरा सांगायचा तेव्हा मला कळायचं. "झाडच आहे गं ते," असं तो एकदा म्हणाला, तर मी त्याच्या अंगावर अशी ओरडले की शेजारच्यांनी दार किलकिलं केलं.

शेवटी काकू साध्या खोलीत आल्या. सुनेने फोन लावून दिला. आवाज पार बारीक झाला होता, पण पहिला शब्द काकूंचाच होता. "चाफा?"

"छान आहे," मी म्हणाले.

"फोटो पाठव."

पाठवायला काय होतं माझ्याकडे? कुंडीत एक काळी काडी उभी होती. मी मोबाइलमधला जुना फोटो शोधला, गेल्या वर्षीचा, भरगच्च पानांचा आणि एका फुलाचा, आणि तोच पाठवून दिला. त्यावर त्यांच्याकडून नुसता अंगठ्याचा इमोजी आला.

मार्चची सभा अंबरनाथला होती. काकूंनी खरं तर पाडव्यापर्यंत पुण्यालाच राहायचं होतं, पण त्यांनी घरात असा धिंगाणा घातला म्हणे, की मुलगा स्वतः गाडीने घेऊन येतो म्हणाला. आदल्या दिवशी मला हे कळलं. मी नवऱ्याला म्हटलं, कुंडी सोबत घ्यायची. आता लपवणं माझ्याच्याने होणार नाही. गोणपाटात गुंडाळून आम्ही ती रिक्षातून नेली.

काकू आल्या तेव्हा मी त्यांना क्षणभर ओळखलंच नाही. निम्म्या झाल्या होत्या. छातीशी एक छोटी उशी धरलेली. खोकताना, हसताना टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून ती धरायची असते. खुर्चीत बसल्या, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, हजेरी घ्या."

कुणाचा पालक गेला होता, कुणाची जास्वंद. माझी पाळी आली. मी उठले, गोणपाट काढलं.

"कवठी चाफा," मी म्हणाले. "काकूंचा. काय केलं ते मला माहीत नाही. पाण्याशिवाय मी काही दिलं नाही."

काकू कुंडीकडे बघत होत्या. मुलाने कुंडी जवळ नेली, त्यांनी नखाने खोडाची साल जरा खरवडली. आतही काळं. "गेला," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात सर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला. "माझं सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "कवठी चाफा. मी हळदीकुंकवाच्या दिवशी त्याला हिराकस घातला. प्रमाण मोजून घातलं होतं. पण घातलं."

दादा उठले. "मना वाटला उपाशी हाय. शेनाचा पानी टाकला मी. बाटली भरून नेला होता."

"मैंने भी," दीदी जवळजवळ रडतच म्हणाल्या. "खली का पानी. थोडासा, सच्ची, थोडासा. काकूंचं ऑपरेशन था ना, मला वाटलं, इकडे हा हरा झाला तर तिकडे सब ठीक होगा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणजे हे वेड माझ्या एकटीच्या डोक्यात नव्हतं!

आणि मग दाराजवळून माझ्या नवऱ्याचा आवाज आला. तो मंडळाचा सभासदसुद्धा नाही. "माझा चहा होता," तो म्हणाला. "उरलेला. रोजचा. हिला इतकं वाईट वाटत होतं, म्हटलं चहापत्ती चांगली असते म्हणतात."

मला त्याचं डोकं फोडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी माझा जीव भांड्यात पडला. दोन्ही एकदम. इतके दिवस मी त्या काडीसमोर उभी राहून स्वतःलाच विचारत होते की माझं काय चुकलं. आणि इथे अख्खं मंडळ एका झाडाला पंगतीत बसवून आग्रहाने वाढत होतं.

काकू हसायला लागल्या. आधी आवाज न करता, मग उशी घट्ट आवळून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मुलगा घाबरून पुढे झाला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

"मला माहीत होतं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तू पाठवलेल्या फोटोत मागे माझीच गॅलरी होती. माझा टॉवेल वाळत होता."

मी खाली मान घातली.

"अगं, जागा बदलली की तो रुसतो. क्वार्टर्समधून इकडे आणला तेव्हाही पार बोडका झाला होता. दोन महिने पानं गाळतो आणि मग आपला आपण येतो. तेव्हा आमच्याकडे कुणाला वेळच नव्हता त्याच्याकडे बघायला, म्हणून जगला. हे तुला सांगायचं राहिलं. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं." मग त्यांनी एकेकाकडे बघितलं, सरांकडे, दादांकडे, दीदींकडे. "मलाही तिकडे हेच. सून सूप घेऊन उभी, मुलगी काढा घेऊन, नातवाची प्रोटीन पावडर. जो तो काहीतरी घेऊन उशाशी. पण मला तोंड आहे, मी नको म्हणाले. त्या बिचाऱ्याला कुठलं तोंड!"

सगळे हसले. मी हसता हसता हमसून रडायला लागले, तिथेच, सगळ्यांसमोर, या वयात. मला चाफ्याचं वाईट वाटत होतं, पण रडत होते ते त्याच्यासाठी नव्हे. तो समोर मरून पडला होता आणि काकू त्याच्या शेजारी बसून आम्हाला बोलत होत्या. त्याचं आणि त्यांचं काही एक बांधलेलं नव्हतं. महिनोन्महिने छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं मला झालं.

"काकू, तुमचा चाफा गेला हो," मी कसंबसं म्हणाले.

"हो ना. रडेन घरी जाऊन," त्या म्हणाल्या. "पण मी आलेय ना? मग डोळे पूस आणि बस."

त्या दिवशीचं व्याख्यान सरांचं होतं, उन्हाळ्यात कुंड्यांना पाणी कसं द्यावं यावर. पडदा लावला, पहिलं चित्र आलं. सर जरा दबकत बोलत होते, नेहमीचं 'टेक्निकली' निम्म्यावर आलं होतं. थोड्या वेळाने माझं लक्ष गेलं तर काकूंची मान कलली होती. उशी मांडीवर घसरली होती. त्या गाढ झोपल्या होत्या.

सर बोलता बोलता थांबले. सगळ्यांनी एकदमच पाहिलं. दीदींचा हात पर्समधल्या पाण्याच्या बाटलीकडे गेला. दादा पंख्याचं बटण बघायला अर्धवट उठले. मी माझी ओढणी काढून घडी करायला लागले, मानेखाली द्यायला. माझा नवरा तर केव्हाच उभा राहिला होता.

मग दादा तसेच वाकलेले थबकले. माझ्याकडे बघून हळूच हसले आणि परत बसले. दीदींनी पर्सची चेन लावून टाकली. मी ओढणी पुन्हा गळ्यात घातली. कुणी पाणी आणलं नाही, कुणी पंखा कमी-जास्त केला नाही, कुणी त्यांना हाक मारली नाही. आम्ही सगळे हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिलो आणि काकूंचा श्वास वर-खाली होताना बघत राहिलो.